नखं तुटतात? आधी रक्त तपासा!

नख जरा वाढलं की टक्कन तुटतं. मग आपण काय करतो? सीताबर्डीवरून नवं नेलपेंट आणतो, नाहीतर रील बघून बायोटिनच्या गोळ्या मागवतो. नख झाकलं जातं, पण ते का तुटतंय हे कळतच नाही.

बोटाचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहाएक महिने लागतात. म्हणजे आज तुटणारं टोक मागच्या सेमिस्टरमध्ये तयार झालंय!

प्रत्येक तुटकं नख म्हणजे आजार नाही. होस्टेलवर रोज साबणाच्या पाण्यात कपडे धुणं, रिमूव्हरमधलं ॲसिटोन, यानेही नखं ठिसूळ होतात. पण नखं पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट झाली असतील, जिना चढताना धाप लागत असेल, पाळीत जास्त रक्त जात असेल, तर शरीरात लोह कमी असू शकतं. कधी कारण थायरॉइडचंही असतं. हे नख बघून ठरत नाही, रक्त तपासून ठरतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. मुलांनो, तुम्हीही सुटलेले नाही. देशात दर चार पुरुषांमागे एकाला तो आहे. त्यात आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. हिमोग्लोबिन त्यामुळेही घटतं, म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

आता कॉलेजांना एक सांगणं. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. शिबिरात ते कमी भरलं की ‘तुमचं नाही चालणार’ एवढं ऐकून मुली परत जातात. त्यांचं पुढे काय झालं, हे कोण विचारतं? रासेयोच्या पथकांनी नावं गुप्त ठेवून त्यांना मेडिकल, मेयो किंवा डागा हॉस्पिटलपर्यंत पोहोचवलं, तर तेही रक्तदानाइतकंच मोठं काम ठरेल.

आणि तुम्ही? तर्री-पोह्यावर लिंबू जरूर पिळा, त्याने चण्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र तासाभराने घ्या, तो लोह शोषू देत नाही. पण एवढ्यावर थांबू नका. पुढचं नेलपेंट घेण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.