एकलहऱ्याच्या विजेचा हिशेब

शेतकरी व कारागीर बंधूंनो, नाशिकरोडशेजारीं एकलहरें येथील वीजकेंद्राचीं धुराडीं आपण दुरूनहि पाहतां. 1970 सालच्या सुमारास विद्युत मंडळानें तेथें 140 मेगावॅटचे दोन संच उभारले; पुढें 1979 ते 1981 या काळांत 210 मेगावॅटचे आणखी तीन आले. पहिले दोन बंद पडले. उरलेल्या तिघांनीं चाळिशी ओलांडली आहे. आज ना उद्यां त्यांचीहि पाळी येणार. तत्पूर्वीं हिशेब व्हावा, असें आमचें म्हणणें आहे.

केंद्राला जमीन लागली ती कुणब्याच्या नांगराखालची, पाणी लागलें तें नदीचें. आगगाडीनें आलेला कोळसा उतरविण्यास व राख उपसण्यास हात लागले ते गरिबांचे. मोट जाऊन पंप आला, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शहरांत दिवसाढवळ्या पंखे फिरत असतां शेताची वीज वर्षानुवर्षें रात्रीच्या पाळीनें आली. विंचू-सापांत व बिबट्याच्या भयांत शेतकऱ्यानें पिकाला पाणी दिलें. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

आतां राखेचें पाहा. आपल्या देशी कोळशाच्या शंभर मणांमागें तीस-चाळीस मण राख उरते. तिच्या विटा होतात, सिमेंटांतहि ती जाते. 1999 साली केंद्र सरकारनें हुकूम काढला कीं, अशा केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आंतील वीटभट्ट्यांनीं मातींत शेंकडा 25 राख मिसळावी, व विटा करणारांस ती दहा वर्षें फुकट मिळावी. कुंभार बंधूंनो, आपणांस किती मिळाली?

कोणी म्हणेल, केंद्र बंद झालें तर धूर जाईल, मग तक्रार कसली? धूर जावा हें आम्हांसहि मान्य आहे. पण कायम नोकराची बदली होईल. ठेकेदाराच्या मजुरानें व फाटकापुढच्या चहावाल्यानें कोठें जावें? मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा? हे प्रश्न ग्रामसभेंत आजच विचारा व ठराव लेखी करून घ्या.

वीज कशी तयार होते तें आम्ही शाळेंत शिकवितों. ती कोणाच्या शेतावर तयार झाली तें क्रमिक पुस्तकांत नाहीं. म्हणून मुलांनीं म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून वहींत उतरावें: कोणाचें किती शेत गेलें, मोबदला काय मिळाला, कोण कोणत्या कामास लागला. तोंडचें बोलणें कचेरींत टिकत नाहीं, लिहिलेलें टिकतें.