कुलूप म्हणजे ओसाड नव्हे

प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली आपल्याच एका भिल्ल भावाला झाडाचं मूळ खोदताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा अन् रेडा सापडला. तिथलं शेतकऱ्यांचं जुनं गाव सुमारे ३००० वर्षांपूर्वी ओस पडलं. पाऊस कमी झाला म्हणून, असं अभ्यासक म्हणतात.

गावची माणसं जन्म, मरण, येणं अन् जाणं यांनीच वाढतात-घटतात. पण आमचं जाणं वेगळं. भोकरदन-जाफराबादकडून आम्ही दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो अन् पेरणीआधी परततो. मग कुलूप बघून ‘वस्ती रिकामी’ कसं लिहिता? वनहक्क दाव्यांची पडताळणी आम्ही घरी असतानाच करा.

बांधवांनो, १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट ग्रामसभेत मांडा. कोयता उचलण्याआधी!