सब्र म्हणजे मार सोसणे नव्हे

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. पण आपल्या मोहल्ल्यांत हा शब्द बहुतेक वेळा मार खाणाऱ्या बाईलाच ऐकवला जातो. ‘एवढी ईद होऊ दे, मग बघू.’ नवऱ्याचे मात्र समर्थन होते, ‘त्याला रोजा लागतो.’ वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी एरवी दारूचे निमित्त सांगतात. या महिन्यात रोजाचे. सब्र रागावर ठेवायचा असतो, म्हणजे तो हात उचलणाऱ्याने ठेवावा. बाईला उपदेश नको, तयारी हवी.

ही तयारी कायद्यानेही मानली आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्याच्या नियमांत ‘नमुना पाच’ आहे, सुरक्षा योजनेचा. काय घडले, पुढे कशाची भीती वाटते, कोणते उपाय हवेत, हे संरक्षण अधिकाऱ्याने तिच्याशी बोलून त्यात लिहायचे. तक्रारीत झालेले लिहितात, इथे उद्याचा विचार होतो. मदत मागायला गेलेल्या बाईने हा नमुना आवर्जून भरून घ्यावा. घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी तिला तिथे राहण्याचा हक्क हाच कायदा देतो. वकिलासाठी पैसे नसतील, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पण आष्टी-कारंजाकडच्या गावातून रात्री वर्धा गाठणे सोपे नाही. म्हणून योजनेची सुरुवात घरातूनच व्हावी. निकाहनामा, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती, थोडे पैसे आणि रोजची औषधे एका पिशवीत भरून विश्वासाच्या घरी ठेवावीत. दोन फोन नंबर तोंडपाठ असावेत, कारण मोबाइल आधी हिसकावला जातो. भांडण पेटले की स्वयंपाकघरात थांबू नये; तिथे सुरी आणि गॅस हाताशी असतो. मुलांना ११२ लावायला शिकवावे. महिलांसाठी १८१ आहे. मार लागला तर दवाखान्यात खरे कारण सांगून कागदावर नोंद करून घ्यावी. आणि ‘मी जाते’ असे आधी बोलून दाखवू नये. बाई घर सोडू लागते तेव्हाच धोका सर्वांत जास्त वाढतो.

बाकीचे काम शेजाऱ्यांचे. इफ्तारचे ताट घेऊन आपण एकमेकांच्या दारी जातोच. तिच्याशी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. तो ऐकला की ११२ लावा, आणि चार जण मिळून दार वाजवा. जुम्याच्या नमाजनंतर वर्गणीच्या सूचना होतात, तेव्हा हे दोन नंबरही सांगता येतील. घर सोडावे लागलेल्या गरजू बाईचे दोन महिन्यांचे भाडे जकातीतून निघू शकते. ईदपर्यंत थांबायचे कारण नाही.