दोन दिवसांच्या सुट्टीत लोणार?



वर्गात लोणारच्या सरोवराचा विषय निघाला की दरवर्षी कोणी ना कोणी हमखास विचारतो, "सर, शनिवार-रविवारी गाडीने जाऊन येता येईल का?" आमची शाळा पुण्यात. पुण्याहून लोणार सुमारे ४०० किलोमीटर. प्रश्न साधा वाटतो. अंतराला वेगाने भागले की उत्तर मिळाले! पण हे गणित बहुतेक घरांत चुकते, आणि ते कुठे चुकते हे पाहण्यासारखे आहे.

पहिली चूक सरासरीची. समजा, पहिले २०० किलोमीटर रस्ता चांगला आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते. पुढच्या २०० किलोमीटरमध्ये गावे, वळणे, उसाच्या गाड्या आणि रस्त्याची कामे लागतात, म्हणून तेथे वेग ताशी ४० धरू. आपण चटकन म्हणतो, ८० आणि ४० यांची सरासरी ६०. म्हणजे ४०० किलोमीटरला ६ तास ४० मिनिटे. आता नीट मोजा. पहिल्या टप्प्याला अडीच तास, दुसऱ्याला पाच तास. एकूण साडेसात तास! खरी सरासरी ताशी ५३ किलोमीटरच पडली. गाडी संथ टप्प्यावर जास्त वेळ असते, म्हणून त्या वेगाचा वाटा सरासरीत जास्त असतो. त्यात चहा, जेवण, पेट्रोल यांसाठी दीड तास मिळवा. जाण्यास नऊ तास, येण्यास नऊ तास, एकूण अठरा.

आता सुट्टीचा जमाखर्च मांडू. शनिवारी पहाटे पाचला निघालो, दुपारी दोनला पोहोचलो. रविवारी दुपारी एकला परत निघालो, तर रात्री दहाला घरी. या ४१ तासांतले आठ झोपेचे. उरले ३३. त्यांतले १८ रस्त्यावर गेले, उरले १५. आंघोळ, जेवण, सामानाची बांधाबांध यांना पाच तास द्या. सरोवरासाठी उरले दहा तास! रस्त्यावरच्या प्रत्येक तासामागे पाहण्याची ३३ मिनिटे पदरात पडली.

हीच सहल दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांची केली तर? शनिवारी पहाटे पाचपासून मंगळवारी रात्री दहापर्यंत ८९ तास होतात. झोपेचे २४, प्रवासाचे तेच १८ आणि जेवणखाणाचे १५ वजा केले तर ३२ तास हाती राहतात. म्हणजे प्रवासाच्या एका तासामागे जवळजवळ पावणेदोन तास. सुट्टी दुप्पट झाली आणि पाहण्याचा वेळ तिपटीहून अधिक वाढला! कारण उघड आहे. प्रवासाचा खर्च सुट्टी लहान असो वा मोठी, तेवढाच राहतो. छोट्या सुट्टीत तो फार जड होतो.

पेट्रोलचेही तसेच. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, मग वायू त्याच्या तिप्पट वजनाचा कसा? पेट्रोलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, म्हणून. लिटरला १६ किलोमीटर जाणारी गाडी ८०० किलोमीटरच्या फेरीत ५० लिटर पेट्रोल जाळते आणि सुमारे ११५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. दहा तास पाहण्यासाठीही एवढाच, आणि बत्तीस तासांसाठीही एवढाच.

येथपर्यंत झाली वेळेची आणि पेट्रोलची गोष्ट. माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. या हिशेबात एक माणूस आपण विसरतो, तो म्हणजे गाडी चालवणारा.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच दोन दिवसांच्या सहलीहून परतत होतो. "अजून थोडा वेळ थांबू" असे आम्ही सर्वांनीच म्हटले आणि दुपारी एकऐवजी संध्याकाळी पाचला निघालो. मामा गाडी चालवत होते. रात्री अकराच्या पुढे मागची मुले झोपली, गप्पा थांबल्या आणि एकाएकी चाकांचा आवाज बदलला. गाडी डांबरी रस्ता सोडून कडेच्या मातीवर गेली होती. त्या आवाजाने मामांना जाग आली, आणि आम्ही वाचलो. समोर झाड किंवा उभा ट्रक नव्हता, एवढेच आमचे नशीब. मामा निष्काळजी नव्हते. ते फक्त पहाटेपासून जागे होते.

याला विज्ञानाचा आधार आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला १७ तास जागा असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १७ तास जागे राहिल्यावर हातांचे आणि डोळ्यांचे काम जेवढे बिघडते, ते रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके असते, असे त्यांना आढळले. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारूला कधीही न शिवणारा माणूसही रात्री अकराला या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असू शकतो!

डुलकी तीनच सेकंदांची असली तरी ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६६ मीटर, तेही मिटल्या डोळ्यांनी. खिडकी उघडणे, गाणी लावणे यांनी झोप जात नाही. झोपेवर उपाय झोप हाच.

बस-ट्रक चालवणाऱ्या कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास काम, लांबच्या फेरीवर फार तर दहा, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती असे सांगितले होते. रोज गाडी चालवणाऱ्यासाठी जे शहाणपणाचे, ते वर्षातून दोनदा लांब गाडी चालवणाऱ्या आपल्या बाबांना, आईला किंवा मामांना का नको?

कोणी म्हणेल, "सर, आनंद काय तासांनी मोजायचा?" बरोबर आहे. आजारी आजीला तासभर भेटण्यासाठी कोणी ४०० किलोमीटर गेले, तर मी त्याला भागाकार शिकवणार नाही. पण तेव्हासुद्धा रात्रभर गाडी हाकण्यापेक्षा एस. टी. किंवा रेल्वे बरी, असेच म्हणेन. आणि सहलीचे तसे नाही. लोणार कुठे पळून जात नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर हजारो वर्षे आपल्या जागी आहे.

मग दोन दिवसांच्या सुट्टीत घरी बसायचे का? मुळीच नाही. पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरवर निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. वाहत्या पाण्याने दगडगोटे गरगर फिरवून कठीण बेसॉल्टमध्ये हे रांजण कोरले. लोणारचे विवर ज्या काळ्या खडकात आहे, तोच हा खडक. तेथे आघाताने खड्डा पडला, येथे पाण्याने. जाऊन-येऊन पाच तास, सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला घरी, आणि पाहायला निवांत पाच तास. तासाला तास! शिवाय रविवार मोकळाच.

लोणारला चार दिवस घेऊन जा. मग वाटेत प्रवरासंगमला गोदावरी-प्रवरेचा संगम पाहता येतो, सिंदखेडराजाला जिजाबाईंचे जन्मस्थान पाहता येते आणि रस्ताही सहलीचाच भाग होतो.

पुढच्या सुट्टीचा बेत ठरेल तेव्हा वहीत एक तक्ता करा. जागेपणीचे तास, रस्त्यावरचे तास आणि पाहण्याचे तास असे तीन रकाने आखा. पाहण्याचे तास रस्त्यावरच्या तासांहून कमी भरले, तर जवळचे ठिकाण शोधा. आणि चौथा रकाना विसरू नका: गाडी कोण चालवणार आणि परतीच्या दिवशी तो किती वाजता उठलेला असेल? तो रकाना भरल्यावर तक्ता घरातल्या मोठ्यांना दाखवा. बेत बदलायला वेळ असतो, तोवरच!