अंदाज होता, नियोजन नव्हते

मराठवाड्यात दुष्काळ पडला की सत्ताधारी पूर्वी वरुणराजाकडे बोट दाखवीत. आता ते ‘एल निनो’कडे दाखवितात. नाव शास्त्रीय झाले, पळवाट जुनीच राहिली.

वस्तुतः एल निनोचा अभ्यास दैववादाच्या मुळावरच घाव घालतो. विषुववृत्तीय प्रशांत महासागराचा मध्य व पूर्व भाग नेहमीपेक्षा अधिक तापला की वर चढणाऱ्या हवेचे केंद्र पूर्वेकडे सरकते आणि भारतावरील मोसमी पाऊस दुबळा होण्याची शक्यता वाढते. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणूनच काही महिने आधी इशारा देता येतो. हा इशारा म्हणजे अटळ विधिलिखित नव्हे. १९९७ साली एल निनो प्रबळ होता. परंतु हिंदी महासागराची स्थिती अनुकूल राहिली आणि देशात पाऊस सरासरीइतका झाला. मात्र अनिश्चितता हे नियोजनाचे कारण असते, निष्क्रियतेचे नव्हे.

एप्रिल २०१५ मध्ये हवामान खात्याने सरासरीच्या ९३ टक्के, तर जूनमध्ये ८८ टक्के पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ८६ टक्के पडला. अंदाज खरा ठरला. तरीही एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. वर्षभराची पूर्वसूचना हाती असताना मांजरा खोऱ्यातील उसाला आवर का घातला गेला नाही? साखरसम्राटांना दुखवणार कोण?

पुराचीही तीच कथा. सप्टेंबर २०२५ मध्ये देशात सरासरीहून अधिक पावसाची शक्यता खात्याने आधीच वर्तविली होती. त्या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकांसह मातीही खरवडून नेली. जायकवाडीचा विसर्ग वाढताच पैठणच्या सखल भागांतील रहिवाशांना घरे सोडावी लागली. दीर्घ पल्ल्याचा अंदाज गावनिहाय पूर सांगत नाही, हे खरे. परंतु धरणात पुरासाठी जागा किती राखावी आणि निवारे कोठे सज्ज ठेवावेत, हे ठरविण्यास तो निश्चित उपयोगी पडतो.

जायकवाडीच्याच पाण्यावर छत्रपती संभाजीनगर जगते. तेथील पुंडलिकनगरसारख्या वसाहतींत नळाची दिवसेंदिवस वाट पाहणे लोकांच्या अंगवळणी पडले आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो टँकर मागवितो. श्रमिक रोजंदारी बुडवून नळाशी बसतो. धोका निसर्ग निर्माण करतो. त्याची वाटणी मात्र समाजव्यवस्था करते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. अंदाज ठराविक मर्यादेखाली गेला की पिण्याच्या पाण्याचे आरक्षण, उसाच्या सिंचनावर बंधन, चारा आणि रोजगार हमीची कामे कायद्यानेच सुरू झाली पाहिजेत. अंदाज जाहीर होतो, त्या दिवशी शासनाची जबाबदारी सुरू होते.