नवे ब्रेक आणि बिडाचा तवा

बिडाचा नवा तवा घरात आला की त्याच दिवशी त्यावर कुणी घावन घालत नाही. तेल चोळायचं, तापवायचं, कांद्याची फोड फिरवायची, गार होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं. दोन-चार दिवसांत काळसर थर धरतो आणि मग घावन अलगद सुटतं. गाडीच्या चाकातली ब्रेक डिस्कही बहुधा बिडाचीच असते आणि तिलाही थर धरावा लागतो. फक्त तो तेलाचा नव्हे, पॅडच्या मसाल्याचा. आपण मात्र नवे पॅड आणि डिस्क टाकल्या की तडक घाटाला लागतो.

मीही लागलो होतो. संध्याकाळी काम झालं, "बसतील ब्रेक चालवता चालवता," एवढंच फिटर म्हणाला आणि सकाळी आई-आप्पांना घेऊन मी फलटणहून गोंदवल्याला निघालो. जाताना चढ, त्यामुळे काही जाणवलं नाही. परतताना मोगराळे घाटात जळका वास सुटला. पेडल पायाला घट्ट लागत होतं, पण गाडी धरत नव्हती. "गिअर उतरव, कडेला घे," आप्पा म्हणाले. गाडी थांबली, पण घाबरून मी पाय पेडलवर तसाच दाबून ठेवला. पुढं आठवडाभरात लोणंद रस्त्याला 80 च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच, थर धरण्याआधीच तापलेले पॅड. पॅडमधला मसाला राळेनं बांधलेला असतो. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्या राळेतून वायू सुटतो, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरतो आणि पकड जाते. शिवाय तापलेला पॅड थांबलेल्या डिस्कवर दाबून धरला की तिथंच मसाल्याचा डाग बसतो. मग दर फेऱ्याला तो डाग पॅडखाली येतो आणि गाडी थरथरते. आपण म्हणतो, डिस्क वाकली. लेथवर नेऊन ती तासूनही आणतो. पुष्कळदा ती वाकलेली नसतेच.

घाटाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. हजार किलोची गाडी ताशी 60 वरून थांबवली, तर निघालेली उष्णता सुमारे अर्धा लिटर पाण्याला उकळी आणील एवढी असते. तीच गाडी 100 मीटर उंची उतरली तर त्याच्या सातपट उष्णता तयार होते. थोडी हवेत जाते, थोडी गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन पेलतं, आणि न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याची जवळजवळ सगळी ब्रेकवर पडते. आदर्की असो की मोगराळे, कोऱ्या पॅडची पहिली परीक्षा तिथं घेणं मला आज धोक्याचंच वाटतं.

करायचं काय, तर नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरनं पूर्ण पुसायचं. मग पहाटे, मागेपुढे कुणी नसलेल्या सरळ रस्त्यावर ताशी 50 पर्यंत जायचं आणि मध्यम दाबानं 10 पर्यंत वेग उतरवायचा. पूर्ण थांबायचं नाही, चाकं अडकवायची नाहीत. मध्ये थोडं अंतर मोकळं चालवायचं आणि असं आठ-दहा वेळा करायचं. किंचित वास येईल, तो यायचाच. शेवटी पाचेक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी गार करायची, आणि गरम असताना हँडब्रेक ओढायचा नाही. पॅड बनवणाऱ्यानं वेगळी रीत छापली असेल तर तीच पाळावी. त्यानंतरही पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा जपून.

हे काम गिऱ्हाइकाच्या माथी का मारायचं? माझं मत स्पष्ट आहे: ब्रेक बसवून देणं हा ब्रेक टाकण्याच्या कामाचाच भाग आहे. वेळ लागतो अर्ध्या तासाचा. गॅरेजनं त्याची मजुरी वेगळी लावावी, मी आनंदानं देईन. तेवढं जमत नसेल तर निदान बिलावर लिहावं, की आज घाटात जाऊ नका.

आता गळीत हंगाम तोंडावर आहे. रात्री वळणावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा ब्रेक पहिल्याच दाबाला लागावा लागतो. आमचा आताचा फिटर नवे ब्रेक टाकले की सकाळी सातच्या आत गाडी रस्त्यावर काढतो आणि मला शेजारी बसवतो. परवा आप्पाही मागं बसून आले.