काही जळतंय का?

चातुर्मासात दर्शनार्थ निघालेल्या गाड्यांची वर्दळ नगर-पाथर्डी मार्गावर वाढते. गाडीत घरची पाच-सहा माणसे, डबे, पाण्याची भांडी आणि व्यापाऱ्याचे घर असल्यामुळे वाटेत कोणाकडे तरी पोचवायची एखादी गोणीही असते. करंजी घाटाच्या वळणावर मागच्या आसनावरून आई विचारतात, "काही जळतंय का रे?" चालवणारा मुलगा काच खाली करतो आणि उत्तर देतो, "पुढच्या ट्रकचा वास असेल, आई." पुष्कळदा तो ट्रकचाच असतो, हेही खरे. पण ट्रक पुढे निघून गेल्यावरही वास तसाच राहिला, तर तो आपल्याच गाडीचा समजावा आणि सपाट, मोकळी जागा पाहून थांबावे.

गाडीतील प्रत्येक जळका वास सारखा नसतो, आणि गॅरेजमध्ये "काहीतरी जळाल्यासारखं वाटतं" एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाचा वेळ व पैसा दोन्ही वाया जातात. वास कसा होता, चढावर आला की उतारावर, गाडी चालताना आला की थांबल्यावर, एवढे सांगता आले तर कारागिराचे निम्मे काम झालेले असते.

चढावर येणारा, जळक्या कागदासारखा वास बहुधा क्लचचा. क्लचवर अर्धवट पाय ठेवून गाडी चढवण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण. वरच्या गिअरमध्ये वेग दिला असता इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, असे होऊ लागले की क्लचप्लेट घसरत आहे. पेडलची जुळवणी करून भागते का ते आधी पाहावे. प्लेट झिजली असेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

उतारावरचा उग्र, नाकाला झोंबणारा वास ब्रेकचा असतो. थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्यावा, चाकाला स्पर्श मात्र करू नये. चारही सारखीच तापली असतील तर दोष चालवण्यात आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. एकच चाक अधिक तापले असेल तर तिथला कॅलिपर अथवा ब्रेकशू अडकला आहे. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावल्याने हे काम अनेकदा थोडक्यात आटोपते. मागची दोन्ही चाके तापली असतील तर प्रथम हातब्रेक पूर्ण खाली आहे ना, ते पाहावे; ही चूक जुन्या चालकांकडूनही होते. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास स्वस्थ बसावे. पेडल मऊ लागू लागले असेल तर ब्रेकचे तेल उकळले आहे, आणि मग पुढे जाण्याचा विचारही करू नये.

बॉनेटमधून येणारा जड, तेलकट वास म्हणजे इंजिन ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत आहे. टॅपेट कव्हरची गॅस्केट तपासावी. नुकतेच सर्व्हिसिंग झाले असेल तर सांडलेले तेल जळून जाईपर्यंत एखादा दिवस असा वास येऊ शकतो. गोडसर वास कूलंटचा. इंजिन गरम असताना त्याचे झाकण उघडणे म्हणजे अंगावर उकळते पाणी घेणे होय. कधी कधी सारा घोळ सायलेन्सरला चिकटलेल्या एखाद्या प्लास्टिक पिशवीचा असतो.

जळक्या प्लास्टिकचा, घरातील पंख्याची मोटार जळावी तसा वास आला तर मात्र तर्क करीत बसू नये. तो वायरिंगचा असतो. गाडी बाजूला घ्यावी, किल्ली बंद करावी, सर्वांना खाली उतरवून दूर न्यावे. धूर दाट असेल तर बॉनेट उघडू नये, आत हवा शिरताच ज्वाळा भडकते. केवळ वास असेल तर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. 2010 च्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली एक नवीकोरी नॅनो रस्त्यातच पेटली. आतील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे वाचली. त्या सुमारास घडलेल्या अशा घटनांच्या चौकशीनंतर कंपनीने मागाहून बसवलेली विद्युत उपकरणे आणि एक्झॉस्टवर राहिलेल्या बाह्य वस्तू यांकडे बोट दाखवले, आणि वर्षअखेरीस एक्झॉस्ट व वायरिंगला जादा संरक्षण विनामूल्य देऊ केले. मागाहून बसवलेले दिवे, हॉर्न आणि संगीतयंत्र यांच्या जोडण्या म्हणून प्रथम पाहाव्यात. वारंवार फ्यूज जातो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांब्याची तार बसवणे, ही काटकसर नव्हे. व्ही.आर.डी.ई.सारखी वाहनचाचणी संस्था ज्या नगरात आहे, तिथल्या गाड्यांतही अशी तार सापडावी, हे नवलच.

व्यापारी घरांत वायरिंग बिघडवणारा आणखी एक जण असतो. आडतीच्या गोदामाशेजारी रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदरांना ऊब मिळते आणि गोणपाटाचे धागे हाताशीच असतात. ते तारांची आवरणे कुरतडतात. उघड्या तारा एकमेकींना भिडतात. इंजिनाजवळ घरटे असेल तर तेच तापून जळू लागते, आणि त्यात पिल्लेही असू शकतात. रोज सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर थापटून ते उघडून पाहावे, म्हणजे जीवही वाचतो आणि गाडीही. कुरतडलेल्या तारेवर नुसती टेप गुंडाळू नये. जोड डाखून त्यावर आवरणनळी चढवून घ्यावी. गोदामात विष न ठेवता पिंजरा लावावा, आणि सापडलेला उंदीर गावाबाहेर दूर नेऊन सोडावा, शेजारच्या दुकानामागे नव्हे. तिथून तो संध्याकाळपर्यंत परत येतो.